दोन चौकटींचा न्याय

एव्हरेट ट्रू हा व्यंगचित्रमालिकेतला गृहस्थ १९०५च्या जुलैत अमेरिकन वर्तमानपत्रांत अवतरला आणि जानेवारी १९२७पर्यंत लोकांना बदडत राहिला. चित्रं ए. डी. कोंडो यांची, मजकुरात जे. डब्ल्यू. रेपर यांचा हात. अंगानं आडवा, डोक्यावर गोल हॅट, हाताशी छत्री, कपडे त्या काळाच्या मानानंही जुन्या वळणाचे. लठ्ठ माणूस चित्रात दिसला की आज आपण हसायच्या तयारीला लागतो. तेव्हा मात्र वजनाला वजन होतं.

मालिकेचा कारभार दोनच चौकटींचा, त्याही पुष्कळदा एकाखाली एक रचलेल्या. वर गुन्हा, खाली शिक्षा. कुणी ट्रामच्या बाकावर पाय पसरून दोघांची जागा अडवतो, कुणी रांगेत घुसतो, कुणी घोड्याला चाबकानं फोडून काढतो. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत एव्हरेटचा संयम संपतो. खरी करामत त्या पट्टीची आहे. चिडायचं, मग स्वतःला आवरायचं, मग ‘जाऊ दे ना, कशाला उगाच’ म्हणायचं, हा जो आपला रोजचा व्यायाम, तो तिथं मुळी होतच नाही.

रचायला अवघड ती वरची चौकट. गुन्हा एका नजरेत कळला पाहिजे आणि गुन्हेगाराला स्वतःबद्दल तसूभरही शंका नसली पाहिजे. चुकून धक्का लागलेल्या माणसाला झोडपलं तर ती गुंडगिरी झाली. निर्ढावलेला असेल तर वाचकच मनातल्या मनात बाह्या सरसावतो. अपराध फार किरकोळ निघाला तर हिशेब फसतो आणि खालच्या चौकटीत आपल्याला मार खाणाऱ्याचीच कणव येते. काही चित्रं तशी फसलीही आहेत. खालच्या चौकटीतला धोका वेगळा: एव्हरेट मारता मारता भाषण देतो. बोलण्याचा फुगा चार ओळींच्या पुढं गेला की ठोशातला जोर उतरतो.

सगळीकडं चालतील असे गुन्हे निवडण्याला धंद्याचंही कारण होतं. मालिका न्यूजपेपर एंटरप्राइझ असोसिएशन ही संस्था गावोगावच्या पत्रांना पुरवायची. त्या काळी असा मजकूर कागदी लगद्याच्या साच्यांतून टपालानं जाई. गावातल्या छापखान्यात साच्यावर वितळलेलं शिसं ओतलं की छपाईचा ठसा तयार. स्थानिक नगरसेवकावरचा विनोद पुढच्या गावात मेला असता. दुकानात ताटकळणारं गिऱ्हाईक आणि थोबाड वर करून बोलणारा कारकून मात्र कुठंही जिवंतच. शिवाय स्वस्त कागदावर शाई पसरते, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. तिथं एव्हरेटचा तो भलामोठा देह फार सोयीचा. छपाई कितीही गचाळ असो, तो ओळखू येतोच.

आपल्याकडं १९५१पासून मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आला. त्यालाही टक्कल, त्यानंही असले नग रोज पाहिले. पण तो अवाक्षर काढत नाही. चौकट एकच असल्यावर मारायला जागा तरी कुठं? एव्हरेट वाचून जे समाधान मिळतं, त्यात तिसरी चौकट नसण्याचा वाटा मोठा. तिथं पोलीस येतील, दंड होईल, मार खाल्लेल्याचा मेहुणा चार माणसं घेऊन येईल.

मात्र लेखणी चालवणाऱ्यांनी एव्हरेटला मोकाट सोडलेलं नाही. त्याची बायको त्याला भीत नाही. आगाऊपणा तोच करतो, तेव्हा वरच्या चौकटीत आरोपी म्हणून तो असतो आणि खालच्या चौकटीत हात तिचा. बाकी सगळ्यांना गप्प करणारा हा माणूस तिच्यापुढं खांदे पाडून उभा राहतो. मालिकेतली ही चित्रं मला सर्वांत आवडतात. बायकोच्या हातचा मार खाताना एव्हरेटला भाषण सुचत नाही, आणि चित्र त्यामुळं अधिक नेमकं बसतं.