गोळी चालू आहे, मन उडालेलं नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मनोविकारांची ओपीडी चालवते. नवरा चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे गेला की बायको मागं रेंगाळते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारते, "मॅडम, गोळ्या सुरू झाल्यापासून ह्यांचं माझ्यावरचं मन उडालं का हो?" तुम्हीही बऱ्याच जणींनी हेच विचारलंत, म्हणून लिहिते.

नाही, मन उडालेलं नाही.

डिप्रेशनमध्ये आम्ही एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशा गोळ्या देतो. त्यानं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम वाढतं. दोन-चार आठवड्यांत रडू कमी होतं, झोप लागते, माणूस परत शेताकडं जायला लागतो. पण शरीराची ओढ बरीचशी डोपामिन या दुसऱ्या रसायनावर चालते आणि सेरोटोनिन वाढलं की तिला लगाम बसतो. इच्छा मंदावते, वीर्यपतन लांबतं, कधी होतच नाही. बायकांनाही तृप्ती मिळेनाशी होते, त्या तर बोलतही नाहीत. हा परिणाम इतका हमखास दिसतो की शीघ्रपतनावर याच गटातलं डॅपॉक्सेटिन देतात.

उलटंही घडतं, ओढ नको तितकी वाढते. कंपवातावरचं प्रामिपेक्सोल मेंदूत डोपामिनसारखं काम करतं. ते घेणाऱ्या एका माळकरी आजोबांना घरच्यांनी "म्हातारपणी चळला" म्हणून वेगळ्या खोलीत टाकलं होतं. आजोबा मान वर करेनात. त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी डोस उतरवला, तसं वागणं पूर्वपदावर आलं. त्या माणसाची काय चूक होती?

मला जास्त सलतो तो एक कापूस उत्पादक. कर्जापायी जीव द्यायला निघालेला, गोळ्यांनी सावरलेला. दीड महिन्यानं आला तो पुन्हा तसाच, डोळे खोल गेलेले. बायकोनं पिशवीतून न फोडलेल्या स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या. तो खाली बघत म्हणला, "मॅडम, मी बाप्याच राहिलो नव्हतो." हा परिणाम होऊ शकतो, हे मी त्याला आधी सांगितलंच नव्हतं. मग औषध बदलून बुप्रोपिऑन दिलं, त्यात हा त्रास कमी असतो. झोपही आली, ओढही परतली.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगते: इच्छा कमी झाली तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, मला सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. ह्यांना लाज वाटली, तर ताई, तुम्ही फोन करा.