तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्टर घरी काढावेत का?

बॉनेट उघडून उभा दिसलो की सोसायटीतलं कुणी ना कुणी थांबतंच. भाच्याचाही फोन त्याच कामासाठी येतो. "पेट्रोल गाडीचे इंजेक्टर घरी काढता येतात का हो?"

येतात. पण काढायचे कशाला, हे मी आधी विचारतो. (इंजेक्टर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल फवारणारी छोटी तोटी.) बहुतेकांचं उत्तर एकच, गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही. मिसिंगला प्लग, इग्निशन कॉइल, कुठूनतरी हवा ओढणारं गॅस्केट असं काहीही कारण असू शकतं आणि इंजेक्टर त्या रांगेत बराच मागे उभा असतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर लावा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय. दर प्लगला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा आणि रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, हात लावायची गरजच उरली नाही. प्लगचीही अशीच अदलाबदल करून बघा. मग मल्टिमीटरने प्रत्येक इंजेक्टरचा रोध मोजा. आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाड्यांत तो साधारण १२ ते १६ ओहम भरतो. एखादाच वेगळा आला तर संशयाला जागा आहे.

हे सगळं फक्त एमपीएफआयपुरतं, म्हणजे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल सोडतो त्या गाड्यांपुरतं. तिथे रेलमध्ये दाब असतो ३ बारच्या आसपास, टायरमधल्या हवेपेक्षा थोडा जास्त. कॉमन रेल डिझेलमध्ये तोच दाब १,६०० बारच्या पुढे जातो. तिथली बारीक धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत मात्र तातडीच्या शस्त्रक्रियेचं काम होऊन बसतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो गाड्याही मी घरी उघडत नाही.

३ बार कमी वाटला तरी चेहऱ्यावर पेट्रोल उडवायला पुरतो. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, गाडी चालू करायची आणि पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्यायची. पुन्हा दोनतीनदा सेल्फ मारायचा. मग टाकीचं झाकण सैल करायचं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. एवढं करूनही पाइप सुटताना थोडं पेट्रोल सांडतंच, तेव्हा जोडाभोवती फडकं गुंडाळलेलं हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचत जाते. त्यामुळे बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम नाही म्हणजे नाही, मग वर कितीही ऊन असो. हॅलोजनचा दिवाही नको. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

रेल खोलण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ हवा मारून उडवा. इंजेक्टर निघाला की खाली थेट इनटेकचं भोक उघडं पडतं. आत पडलेला खडा व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. भोकं लगेच स्वच्छ फडक्याने झाका. इंजेक्टरच्या वायरचा कपलर (प्लास्टिकचा जोड) वायरला धरून ओढू नका, लॉक दाबून सोडवा. इंजिनच्या उष्णतेने ते प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. रेल बहुधा दोन बोल्टांवर असते आणि ती दोन्ही हातांनी, किंचित डोलवत, सरळ वर घ्यायची. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही. रेलखाली छोटे स्पेसर असतील तर तेवढे मोजून ठेवा. झालं, काढण्याचं काम एवढंच.

खरा धोका बसवताना आहे. कुणी त्याबद्दल विचारत नाही. प्रत्येक इंजेक्टरला वर-खाली रबरी सील असतात. खालचं गळलं तर इंजिन हवा ओढतं आणि आयडलिंग वरखाली होतं, तेवढ्यावर निभावतं. वरची ओ-रिंग गळली तर दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं, आणि गाड्या पेटतात त्या अशा. जुनी ओ-रिंग दाबून चपटी आणि कडक झालेली असते. ती "चांगली दिसतेय" म्हणून पुन्हा बसवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर ते गृहीत धरून निवडलेलं नाही. गाडीच्या पार्ट नंबरप्रमाणे नवीन रिंग घ्या, शक्यतो एफकेएम, म्हणजे इंधन सोसणाऱ्या रबराची. हार्डवेअरच्या दुकानातली, नजरेने माप जुळवलेली रिंग नको. बसवताना तिला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, कोरडी रिंग पिळवटते आणि कापली जाते. इंजेक्टर रेलमध्ये बसला की बोटांनी फिरवून बघा. तो अडखळला तर रिंग चेपली आहे, काढा आणि पुन्हा बसवा. बोल्ट आधी हातानेच लावा, कारण आटे ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळेचे असतात. वाकडा पाना एकदा फिरला की आटे गेले.

मग फ्यूज आणि बॅटरी जोडा, पण गाडी लगेच चालू करू नका. नुसती चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद घुरघुरतो आणि रेल भरते. असं तीनचार वेळा करा. टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या जोडाला टिश्यू पेपर टेकवा. कागद ओला झाला तर चावी बंद.

साफसफाईचं म्हणाल तर ती मी घरी करत नाही. इंजेक्टरच्या तोंडात तार घालणं म्हणजे भोक मोठं करणं. बॅटरीची वायर टेकवून कार्ब क्लीनर फवारायचा जो प्रकार व्हिडिओत दाखवतात, त्यात ठिणगी आणि ज्वलनशील फवारा एकाच टेबलावर असतात. काढलेले इंजेक्टर पिशवीत घालून टेस्टिंगवाल्याकडे न्या. तो अल्ट्रासॉनिकमध्ये धुतो आणि काचेच्या नळ्यांत कोण किती पेट्रोल सोडतो ते शेजारी शेजारी दाखवतो. एक नळी कमी भरली तर तुमच्या डोळ्यांसमोर दिसतं. ओ-रिंग मात्र शनिवारीच आणून ठेवा, रविवारी स्पेअर पार्टची दुकानं बंद असतात.