'सकाळी बोलू'

दोनच शब्द. संध्याकाळी सव्वासहाला वरिष्ठांकडून फोनवर आले. आता पावणेबारा वाजले तरी पोटातला गोळा जागचा हलत नाही. कामातली चूक दुपारीच सापडली, दुरुस्तही झाली. म्हणजे भीती त्या चुकीबद्दलची नाही. त्या दोन शब्दांत काय दडलंय ते ठाऊक नाही, याची आहे. मनाला रिकामी जागा दिसली की ते तिथे सगळ्यात वाईट तेच भरतं.

सव्वासहालाच विचारायला हवं होतं, 'कशाबद्दल? काही तयारी करून येऊ का?' एकदाच. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे धीर मागणं. सारखा फोन बघण्यातही तेच होतं. क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुन्हा बघायची सवय घट्ट होते. फोन हॉलमध्ये ठेवला आहे.

इतकी वर्षं काम करून दोन शब्दांनी हलावं, याचं फार वाईट वाटतं. घरात सांगावं तर... जाऊ दे.

'खोल श्वास घे' हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेलं माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा ओढत असतं. आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि त्याचीच नवी भीती बसते. लांबवायचा असतो तो उच्छ्वास. नाकाने हळूच ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या नसेमुळे, हृदयाचे ठोके मंदावतात. पहिल्या मिनिटात फारसं काही जाणवत नाही, आणि नेमकं तिथेच सोडून दिलं जातं. ५ मिनिटं तरी द्यावीत.

आणि चारची ती कॉफी! तिच्यातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण ५ तास लागतात. धडधडीतला तिचा वाटाही आपण कामाच्याच खात्यावर मांडतो.

कागदावर तीन रकाने पाडले. काय घडलं: आकडा चुकला, कळवला, सुधारला. मन काय म्हणतं: नोकरी जाणार. उद्या पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं: जुना-नवा आकडा शेजारी शेजारी, चूक कुठून शिरली ते एका ओळीत. मधल्या रकान्यात नुसतं 'टेन्शन' लिहून भागत नाही. पूर्ण वाक्य लिहावं लागतं, तरच ते पहिल्या रकान्याशी ताडून बघता येतं. ताडलं, तर आज पहिल्यातून मधलं काही निघत नाही.

अंदाजे २० मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बाहेर, मंद उजेडात बसायचं. पलंगावर तळमळत राहिलं की पलंगाचं नातं जागरणाशी जुळतं. बहुतेक दिवस असेच जाऊन दोन आठवडे झाले, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं.

सकाळी उठल्यावर पहिल्या ३० ते ४५ मिनिटांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तसंही चढतं. तेव्हा उद्या डोळे उघडताच छातीत धस्स झालं, तर ती वाईट बातमीची चाहूल नव्हे.

गोळा आहे अजून. असू दे, तो असतानाही आडवं होता येतं. कागद बॅगेत टाकला.