ग्रेनाडात किड्यांना रम पाजताना

कॅरिबियनमध्ये बेटाबेटांवर भुंगेरे गोळा करत फिरताना डास परवडले, पाऊस परवडला, पण अल्कोहोलची कटकट नको. नमुने टिकवायला निदान ७० टक्के इथेनॉल लागतं, आणि प्रवासी विमानात नेमकं ७० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल चालत नाही. नमुन्यांच्या बंद नळ्यांना सवलत आहे, एका नळीत ३० मिलिलिटरपर्यंत. पण काउंटरवरच्या एकाला तरी तो नियम ठाऊक असेल तर शपथ! त्यामुळे दर बेटावर उतरलं की औषधांच्या दुकानांचे उंबरे झिजवणं आलंच.

त्रिनिदाद मजेत गेलं. आरिमा खोऱ्यात रात्री दिव्यापुढे पांढरा पडदा, सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्याने डबल्स: दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या पुऱ्या, मध्ये चण्याची उसळ, वर झणझणीत मिरची. सेंट व्हिन्सेंट पावसात वाहून गेलं.

ग्रेनाडात मुक्काम ग्रेनव्हिलजवळ होता, तोही मुद्दाम. १८९०च्या सुमारास हर्बर्ट हंटिंग्डन स्मिथ नावाच्या अमेरिकन संग्राहकाने इथे ढीगभर किडे पकडले. संग्रहालयातल्या जुन्या टाचण्यांखाली 'बाल्थझार, विंडवर्ड साइड' अशी त्याची चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली होती, की ती जागा बघायचीच होती. वनखात्याचा परवाना हातात होता. इथेनॉल मात्र अख्ख्या गावात नाही. मिळत होतं ते अंगाला चोळायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यात किडे असे कडक होतात की पाय सरळ करायला गेलं तर पायच हातात येतो.

घरमालकीण आजी सत्तरी ओलांडलेल्या. १८५७ मध्ये 'मेडस्टोन' जहाजातून हिंदुस्थानातले पहिले मजूर इथे आले. आजींचे पूर्वज त्यानंतरच्या कुठल्याशा जहाजातले. "तुझं गाव कलकत्त्याकडे का गं?" पुणे म्हटल्यावर विषय संपला आणि रोटी समोर आली. त्यांनीच सुचवलं, "कडक दारू हवी ना? मग रिव्हर्सला जा." रिव्हर अँटवान ही १७८५ पासूनची रम भट्टी. अजून पाणचक्कीवर ऊस पिळतात. तिथली रम तब्बल ७५ टक्क्यांची! पर्यटकांना विमानातून नेता यावी म्हणून ६९ टक्क्यांची वेगळी बाटली काढतात. मी अर्थातच ७५वाली घेतली. पाण्यासारखी स्वच्छ, पण बूच काढलं की डोळ्यांत पाणी.

संध्याकाळी ओसरीवर कामाला बसले. दिवसभर उलटी छत्री फांद्यांखाली धरून काठीने झोडपलेला माल: तांदळाच्या दाण्याहून लहान सोंडकिडे, तोंडाने ओढायच्या नळीतून टिपलेले. प्रत्येक नळीत बोटभर रम आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. किडा आधी वर तरंगतो, पाय झाडतो, पंखांखालचे बुडबुडे सुटले की तळाला जातो.

आजींना वाटलं होतं बाटली माझ्यासाठी आहे. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "अगं, पाहुणे आले तर मी ही टोपणाने मोजून देते आणि तू किड्यांना पाजतेस?" मग शेजारच्यांना हाक. ओसरीवर जत्रा. एकाने विचारलं, ते झिंगून मरतात का? मी म्हटलं, साधारण तसंच. एका म्हाताऱ्याने नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, असं मरण मलाही चालेल. या बेटावर माझी ओळख 'बग लेडी' होती, त्या रात्रीनंतर ती काय झाली ते इथे लिहीत नाही.

उरलेली रम किड्यांच्या वाट्याला आली नाही. मलाही दोन घोट मिळाले. सल्ला देत नाही, घसा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळत होता. २००४ च्या आयव्हन वादळात आजींची जायफळाची झाडं झोपली. त्यातलं एक बागेत अजून कुजतंय म्हणत मला पहाटेच उठवलं. वनखात्याने आखून दिलेल्या सगळ्या जागांपेक्षा त्या ओंडक्याच्या सालीखाली जास्त भुंगेरे निघाले.

डोमिनिकात हर्क्युलीस भुंगेरा पाहिला, हातभर शिंगाच्या फुशारक्या ऐकल्या होत्या, निघाला वीतभर. तरी ऐट मोठी. परवान्यात नव्हता, म्हणून फोटोवर भागवलं.

संग्रहालयात परतल्यावर नळ्यांमधली रम ओतून नवं इथेनॉल भरावं लागलं. हे आजींना कळवलेलं नाही.