नुसते सिंगल

आमच्या सोसायटीत क्रिकेटचा नियम कडक होता. चेंडू कंपाउंडबाहेर गेला की आऊट, वर तो आणायलाही मारणाऱ्यानेच जायचं. षटकार कुणाला परवडणार? चेंडूला हलकेच टुक करायचं आणि जीव खाऊन पळत सुटायचं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नसताना जपानचा इचिरो सुझुकी आवडला तो यामुळेच.

सुझुकी हे आडनाव जपानात आपल्याकडच्या पाटलांइतकं. दगड मारला तर एखाद्याला लागणारच. म्हणून १९९४ मध्ये संघाच्या मॅनेजरने त्याच्या पाठीवर नुसतं ‘इचिरो’ लिहायला लावलं. त्याच मोसमात पठ्ठ्याने २१० हिट मारले. हिट म्हणजे चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं. जपानात तोवर एका मोसमात दोनशेपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

२००१ मध्ये तो सिएटलच्या संघात गेला. अमेरिकेत तेव्हा धिप्पाड गड्यांची चलती. त्याच वर्षी बॅरी बॉन्ड्सने ७३ होम रन, म्हणजे तिथले षटकारच, ठोकले. त्यांच्यात हा काटकुळा डावखुरा. बॅट अजून फिरतेय आणि याचे पाय पहिल्या बेसकडे निघालेले! चेंडू दोघांच्या मधून घरंगळतो, कुणीतरी वाकून उचलतो, फेकतो, तोवर हा नव्वद फूट पार. क्रिकेटमध्ये आपण चोरटी धाव म्हणतो ती अशीच. २००४ मध्ये त्याने २६२ हिट मारून जॉर्ज सिस्लरचा एका मोसमातल्या हिटचा १९२० पासूनचा विक्रम मोडला. त्यातले २२५ नुसते सिंगल, म्हणजे मजल पहिल्या बेसपर्यंतच. चिल्लर साठवून वाडा बांधला म्हणायचा!

सामना संपला की आपला ग्लोव्ह तो स्वतः पुसत बसे. बॅटा तर दमटपणा सांभाळणाऱ्या खास पेटीत. आपण दसऱ्याला स्कूटरला झेंडूचा हार घालतो आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिच्याकडे बघत नाही, ते आठवून ओशाळायला होतं.

२०२५ मध्ये त्याला बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पत्रकारांच्या ३९४ पैकी ३९३ मतांनी. मत न देणाऱ्या त्या एका पत्रकाराला म्हणे त्याने घरी जेवायला बोलावलं होतं; भाषणात सांगून टाकलं, आमंत्रणाची मुदत संपली.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलाय तो २१ मार्च २०१९चा टोकियो डोम. वय ४५, शेवटचा सामना, आठवी इनिंग. चेंडू दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे, शॉर्टस्टॉपकडे, घरंगळला आणि गडी सुटला पळत. थोडक्यात हुकला.