तरणा पाऊस, गुळाचा रवा आणि ओळखीचे वाटणारे शब्द

कोल्हापूर, गुरुवार रात्र

पुष्य नक्षत्र चालू आहे. सकाळपासून बारीक, न थकणारी झड. या पावसाला आपल्याकडे म्हातारा म्हणतात आणि त्याच्या आधीच्या पुनर्वसूच्या पावसाला तरणा. इकडच्या ग्रामीण कादंबरीत ‘तरण्यानं झोडपलं, म्हाताऱ्यानं सावरलं’ असं काही आलं, की हे ठाऊक नसलेला वाचक दोन माणसं शोधू लागतो: एक दांडगा पोरगा आणि एक समजूतदार आजोबा. पुढची दोन पानं जुळत नाहीत, तरी तो कोशाकडे वळत नाही, कारण दोन्ही शब्द त्याला येतात.

अवघड कादंबरी खरी अवघड होते ती इथं. ‘चुलवाण’ (गुऱ्हाळातली मोठी चूल) किंवा ‘सासनकाठी’ (जोतिबाच्या यात्रेत नाचवतात ती उंच काठी) वाचकाला सरळ अडवतात, म्हणून तो विचारतो, शोधतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द मात्र अडवत नाही. तो चुकीच्या वाटेनं पुढं नेतो.

‘तो सोप्यात बसला होता’ यातला सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग, आल्यागेल्याला बसवायची जागा. ‘गुळाचे दहा रवे’ यात शिऱ्याचा रवा नाही. काहिलीत रस आटवून, निववून गुळाचा जो मोठा गड्डा पाडतात त्याला इथल्या बाजारात रवा म्हणतात, दुसरीकडे ढेप. फड तर तीन ठिकाणी लागतो: उसाचा, कुस्तीचा आणि तमाशाचा. ‘फडात कोयता घेऊन’ आणि ‘फडात शड्डू ठोकून’ यांत शेजारचा शब्दच निर्णय देतो. पण नुसतं ‘फडावर गेला’ असेल तर मागचं पान उलटून महिना कोणता चाललाय ते पाहावं लागतं. ऊसतोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते. श्रावणात कुणी उसाच्या फडावर तोडणीला जात नाही.

लिंगाकडे लक्ष ठेवलं तर निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. ती माळ गळ्यात, तो माळ गावाबाहेर, खडकाळ आणि उघडा. ‘माळ ओलांडली’ की ‘माळ ओलांडला’, हे क्रियापदच सांगून टाकतं. सोप्याचंही तसंच. विशेषण म्हणून अर्थ लागत नसेल तर ते नाम आहे असं धरून वाक्य पुन्हा वाचावं.

सगळ्यांत मनात राहतो तो ‘थारोळं’. हा शब्द आज बहुतेकांना फक्त रक्ताबरोबर भेटतो, बातमीत. पण थारोळं मुळात मोटेचं, म्हणजे बैलांकरवी विहिरीतलं पाणी ओढायच्या चामड्याच्या पिशवीचं. विहिरीच्या काठावर मोट येऊन जिथं रिती होते आणि पाटात जाण्याआधी पाणी जिथं साचतं, ती जागा. बैल धावेवरून उतरतात, नाडा, म्हणजे जाड दोर, मोट वर ओढतो, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर सोंड धरून ठेवतो आणि तोंड मोकळं झालं की सगळं पाणी भसकन थारोळ्यात. धाव म्हणजे इथं पळणं नव्हे, बैलांसाठी केलेली उतरती वाट. मोटेचं हे वर्णन कादंबरीत दोन-तीन ओळींत उरकलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पहिल्या वाचकांना ते रोज दिसत होतं. आज त्या तीन ओळींसाठी कागदावर चित्र काढावं: विहीर, चाक, नाडा, धाव, थारोळं, पाट. चित्र जुळलं की वाक्य जुळतं.

शुक्रवार

कोशाबद्दल. शब्द दिसला की लगेच कोश उघडणं मला पटत नाही. प्रकरण पूर्ण वाचावं, अडलेल्या शब्दाशेजारी समासात पेन्सिलीनं ठिपका द्यावा. मग वहीत पान क्रमांक, पूर्ण वाक्य आणि आपला अंदाज लिहावा. अंदाज आधी, कोश नंतर. उलट केलं तर कोशातला पहिलाच अर्थ वाक्यावर लादला जातो आणि पहिला अर्थ पुष्कळदा आपला नसतो. एका प्रकरणाला आठ-दहा शब्द पुरे. त्याहून जास्त घेतले तर कादंबरी बाजूला राहते आणि शब्दांची जंत्री होते.

दोन कोश हाताशी हवेत. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. गावाकडच्या अवजारांना, मापांना, जनावरांच्या साजाला मोल्सवर्थ अजूनही फार उपयोगी आहे, कारण तो काळच त्या वस्तूंचा. दाते-कर्वे यांत शब्द कुठल्या भागातला हे कंसात दिलेलं असतं. ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘गो.’ म्हणजे गोव्याकडचा. कोल्हापूरच्या कादंबरीतल्या शब्दाला गोव्याकडचा अर्थ लावायचा नाही, एवढं तरी ती खूण सांगते.

पण शब्द सापडतच नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तो असतो, आपण चुकीच्या रूपात शोधत असतो. ‘परडं’ शोधून मिळणार नाही, ‘परडें’ शोधावं. शेवटचा ‘अं’ जुन्या कोशांत ‘एं’ असतो, कारण न उच्चारलेले अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढले आणि हे कोश त्याच्या कितीतरी आधीचे. बोलीतला उच्चार लेखकानं जसाच्या तसा लिहिलेला असेल तर आणखी एक पायरी मागं जावं लागतं. ‘वझं’चं ओझें, ‘वटा’चा ओटा, ‘इस्तू’चा विस्तव, ‘येळ’ची वेळ, ‘त्याल’चं तेल, ‘श्यात’चं शेत. म्हणजे सुरुवातीच्या ‘व’च्या जागी ‘ओ’ घालून बघायचा, ‘इ’च्या जागी ‘वि’, ‘ये’च्या जागी ‘वे’ किंवा ‘ए’ आणि ‘त्या’, ‘श्या’ यांच्या जागी ‘ते’, ‘शे’. पाचातले चार शब्द एवढ्यावर उघडतात. पाचवा पुष्कळदा कानडीतून आलेला असतो. सीमेवरची भाषा, अक्का आणि अण्णा तिथूनच आले.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) मध्ये तर निवेदनच नारबा या शेतगड्याच्या बोलीत आहे. प्रमाण भाषेत समजावून सांगणारा कुणी मधे उभाच नाही. अशा पुस्तकाची पहिली तीस पानं मोठ्यानं वाचावीत. डोळ्याला परका वाटणारा शब्द कानाला लगेच ओळखू येतो. ‘इहीर’ छापलेलं विचित्र दिसतं, पण उच्चारलं की विहीर.

रविवार

मापं आणि पैसे. हे थोडक्यात, कारण एकदा पाठ झालं की झालं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. म्हणजे पायलीत सोळा चिपटी, आणि ‘पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम’ ही म्हण किती जोरात मारते ते या सोळावरून कळतं. ही सगळी मापाची भांडी, वजनं नव्हेत. म्हणून पायलीचे किलो करायला जाऊ नये. जोंधळ्याची पायली आणि भाताची पायली तराजूत सारखी भरत नाही. पायल्यांचा मण किती, हेही भागाभागात बदलतं, बारा किंवा सोळा. कादंबरीत हिशेब जुळत नसेल तर आधी हे तपासावं. पैशांचं सोपं: १ एप्रिल १९५७च्या आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. चवली दोन आण्यांची, पावली चार, अधेली आठ. मजुरी ‘पावली’ आली असेल तर ती पाव रुपया, आणि त्या काळी तेवढ्यात काय येत होतं हे त्याच कादंबरीतल्या बाजाराच्या प्रकरणात सापडतं.

सणांचं मात्र पाठ करून भागत नाही. ‘बेंदूर’ला पोळा म्हणून पुढं गेलं की कादंबरीचं सगळं कालमान सरकतं. पोळा श्रावणी अमावास्येला, आपल्याकडचा बेंदूर आषाढात. सीमेकडच्या गावांत कर्नाटकी बेंदूर त्याच्याही आधी, ज्येष्ठात. बेंदराला बैल दारात आहे आणि पोळ्याच्या दिवसांत दावण रिकामी आहे, तर मधे काय झालं हाच कदाचित कादंबरीचा विषय असतो. दोन्ही सण एकच धरले तर तो मधला महिना-दीड महिना वाचकाच्या हातून निसटतो.

तसाच ‘खेटा’. कचेरीचे खेटे म्हणजे हेलपाटे. पण माघात कुणी बाई रविवारी पहाटे अनवाणी निघाली आणि ‘तिसरा खेटा’ एवढंच लिहिलं असेल, तर ती जोतिबाला चाललीय. माघात सुरू करून दर रविवारी चालत डोंगरावर जायचं, असे पाच. तिसरा म्हणजे अजून दोन उरलेत, नवस अजून बोललेलाच आहे, फेडून झालेला नाही. कोश इथं ‘खेप’ एवढंच सांगेल. पुढचं विचारायला माणूस लागतं, वयानं मोठं, आणि शक्यतो त्याच वाटेनं गेलेलं. विचारताना सुटा शब्द विचारू नये, वाक्य वाचून दाखवावं. सुट्या शब्दाला अर्थ मिळतो. वाक्य वाचलं की ‘अगं, पण ती अनवाणी का गेली ठाऊक आहे का’ असं सुरू होतं.

अवजारांसाठी कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय बघावं. बलुतेदार आपापल्या कामात असलेले, माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत. ज्या प्रकरणात अडलो ते पुस्तक बरोबर न्यावं.

वहीत उद्यासाठी एक शब्द उरलाय, ‘मळी’. गुऱ्हाळात रस उकळताना वर येते ती, की नदीकाठची गाळाची जमीन? वाक्यात ‘मळी काढली’ असं आहे आणि मागच्या परिच्छेदात चुलवाण पेटलेलं आहे. पण त्याच्याही मागं, दोन पानांवर, पंचगंगेचा पूर ओसरलाय. अंदाज पहिल्या अर्थाचा लिहिलाय, पेन्सिलीनं.