सात वेळा पावागढला गेले, चांपानेर आठव्यांदा दिसलं

बडोद्यात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली आणि या जानेवारीपर्यंत जवळच्या पावागढ डोंगरावर मी सात वेळा गेले होते. कारण सोलापूरहून कोणीही आलं, मावशी, आत्या, सासरचं कोणी, की पहिला प्रश्न "कालिकामातेचं दर्शन कधी?" मग ठरलेलं, सकाळी एसटी किंवा गाडी, हालोलवरून पावागढ, माचीला, म्हणजे डोंगरावरच्या मधल्या टप्प्याला जायचं, रोपवेची लाइन, दर्शन, खाली, घरी. तासाभराच्या अंतरावरचं ठिकाण, पाठ झालं होतं अगदी. पायथ्याशी रस्ता एका जुन्या पिवळट दगडी तटबंदीच्या अंगाने जातो, ती दर वेळी दिसायची आणि पाहुण्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, "काहीतरी किल्ला आहे जुना." लाज वाटते आता पण खरं आहे ते. 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या चांपानेर या आख्ख्या जुन्या शहराला मी "काहीतरी किल्ला" म्हणत होते.

या जानेवारीत आई-बाबा आले. बाबा पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना देवापेक्षा देवळाच्या पायात जास्त इंटरेस्ट. त्यांनी घरूनच सांगितलं, की दर्शन तुझी आई घेईल, मला ते खालचं गाव बघायचंय. म्हटलं ठीक आहे, एक तास देऊ. दिले चार.

आता कसं केलं ते सांगते, कारण आधी मी उलटं करत होते. आधी वर जायचं आणि मग "वेळ उरला तर" खाली बघू, असं ठरवलं की वेळ कधीच उरत नाही, रोपवेची लाइन आणि पायऱ्यांनी माणूस एवढा पिळून निघतो की खाली आल्यावर कोणी "चला मशीद बघू" म्हटलं तर भांडण होईल. म्हणून या वेळी आधी चांपानेर, मग डोंगर. आणि मुद्दाम मंगळवार निवडला, रविवार नाही, पौर्णिमा नाही, नवरात्र तर अजिबात नाही. चैत्री नवरात्रात मी एकदा सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

सकाळी सहाला निघालो. बडोद्यातून बाहेर पडताना सेव-उसळ खाल्ली, बाबांना उसळीत एवढा रस्सा आणि वर एवढी शेव काही झेपली नाही, "उसळ म्हणजे उसळ असावी" वगैरे झालं. साडेसातला पायथ्याशी. थोडं थांबावं लागलं, पण थंडी होती आणि डोंगरावर अर्ध्यापर्यंत धुकं, बरं वाटलं.

तिकिटाचा घोळ मात्र झाला. क्यूआर स्कॅन करून फोनवरून काढायचं होतं आणि माझा डेटा पॅक आदल्या रात्रीच संपलेला, मला पत्ताच नाही. नवऱ्याचा फोन घरी चार्जिंगला राहिलेला. बाबांचा फोन बटणांचा. मग सुरतची एक फॅमिली होती, त्यांच्या हॉटस्पॉटवर काढलं. तर रिचार्ज बघून जा, आणि तिकीट पुढे परत विचारतात तेव्हा स्क्रीनशॉट ठेवा.

पहिली शहर की मस्जिद. ही तटबंदीच्या आत आहे, राजघराण्याची खासगी मशीद होती म्हणतात. छान आहे, पण आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही, कारण बाबांनी लांबूनच जामी मस्जिदीचे मिनार बघितले होते आणि त्यांचे पाय तिकडे ओढत होते.

जामी मस्जिद तटाच्या पूर्व दरवाजातून बाहेर पडलं की लगेच. समोर दोन मिनार, साधारण तीस मीटर उंच. आम्ही चपला काढल्या, दगड बर्फासारखा गार, आई म्हणाली मोजे तरी ठेवू द्या. आणि आत शिरल्यावर बाबा एकदम गप्प झाले. ते गप्प झाले की समजायचं डोकं चालू आहे. पाच मिनिटांनी म्हणाले, "अगं, ही मशीद नाही, हा सभामंडप आहे."

म्हटलं म्हणजे? तर ते मला एका घुमटाखाली घेऊन गेले आणि मान वर करायला लावली. सोलापूरच्या माणसाला विजापूर जवळ, गोलघुमट त्यांनी दहा वेळा तरी पाहिलेला. तिथे मध्ये एकही खांब नाही, आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्यावर तो अजस्त्र घुमट बसतो. इथे तसं नाही. इथे घुमट कमानींवर नाहीच. खाली खांब, खांबांवर तुळया, तुळयांचा अष्टकोन, आणि त्यावर दगडाचा एकेक थर थोडा थोडा आत सरकवत नेलाय, वर जाऊन भोक बुजेपर्यंत. "आपल्या हेमाडपंती देवळात छत असंच करतात," बाबा म्हणाले, "समोर दर्शनी भागात कमान दाखवायला केलीय, कारण सुलतानाला कमान हवी. आत गवंड्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं." हे ऐकल्यावर मला ते दिसायलाच लागलं. बाहेरून टोकदार कमानी आणि मिनार, आत पाऊल टाकलं की खांबांचं जंगल, आणि वर छतात कमळं कोरलेली.

खांब 172 आहेत असं मी वाचून गेले होते. बाबांनी मोजले, 168 आले. परत मोजले, 174. तिसऱ्यांदा मोजायला निघाले तेव्हा आईने त्यांना हाताला धरून बसवलं.

आईला दुसरंच काहीतरी सापडलं. मिनारांच्या खालच्या भागात कोनाडे आहेत, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर असतात ना देवकोष्ठं, अगदी तसेच, दोन बाजूंना छोटे खांब, वर शिखरासारखा डोलारा, फक्त आत मूर्ती नाही. मूर्तीच्या जागी वेलबुट्टी. आई जवळ गेली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "यात देव ठेवायचा विसरलेत." बाबा म्हणाले, विसरले नाहीत, ठेवायचा नव्हताच. कोनाडा करणारा हात तोच होता, देवळं घडवणाऱ्या सोमपुरा कारागिरांसारखा, त्याला भिंत मोकळी सोडवत नाही, आणि मूर्ती तर चालायची नाही, मग त्याने झाड कोरलं, वेल कोरली, भूमितीची नक्षी कोरली. मी त्या एका कोनाड्याचे वीसेक फोटो काढले. जवळून बघितलं तर एका वेलीचं पान दुसऱ्याच्या खालून जाऊन परत वर येतं, ते दगडात आहे हे विसरायला होतं.

मधला भाग तर तीन मजली आहे, आत गॅलऱ्या, त्यातून उजेड झिरपत खाली येतो, बाजूला दगडी जाळ्या आणि बाहेर आलेले झरोके. मागच्या भिंतीत सात मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारे कोनाडे. आणि बाहेर वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, अष्टकोनी हौद.

हे सगळं उभं कोणी केलं, तर गुजरातचा सुलतान महमूद बेगडा. गुजरातीत बे म्हणजे दोन आणि गढ म्हणजे किल्ला, जुनागढ आणि पावागढ दोन्ही घेतले म्हणून बेगडा, असं एक स्पष्टीकरण सांगतात. पावागढवर खिची चौहानांचं राज्य होतं. वीसेक महिने वेढा घालून 1484 मध्ये त्याने गड घेतला, आणि मग पायथ्याला नवी राजधानी वसवली, मुहम्मदाबाद नाव दिलं. पण चाललं किती? 1535 मध्ये हुमायून आला, कड्यात लोखंडी खिळे ठोकून त्याची माणसं रात्री गडावर चढली, शहर लुटलं गेलं, राजधानी परत अहमदाबादला गेली आणि इथे जंगल वाढलं. म्हणजे आख्खं शहर जेमतेम पन्नास वर्षं नांदलं. त्यामुळेच बहुतेक टिकलं, कोणी वर नवीन बांधलं नाही. अहमदाबादला हे सगळं पुढच्या चारशे वर्षांनी गिळलं असतं. मातीखालचं बरंचसं बडोद्याच्याच एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्वज्ञ र. ना. मेहतांनी 1970 च्या आसपास उकरून काढलं, हे बडोदेकर म्हणून जरा कॉलर ताठ करून सांगते.

इथून पुढे केवडा मस्जिद आणि नगीना मस्जिद, या आडबाजूला आहेत, कच्चा रस्ता, बाभळी आणि बकऱ्या. गर्दीतलं एक टक्का पब्लिकसुद्धा इथे येत नाही. नगीनासमोरच्या थडग्याच्या छत्रीवरचं कोरीवकाम जामीपेक्षाही बारीक आहे, असं माझं मत, बाबांचं नाही. लीला गुंबज की मस्जिद आणि कमानी मस्जिद राहिल्या. आईचे गुडघे बोलायला लागले होते आणि तिचं दर्शन अजून बाकी होतं. हालोल रोडवरची गोल वाव (पायऱ्यांची विहीर) मात्र जाताजाता पाहिली, विहिरीच्या भिंतीला चिकटून जिना गोल गोल फिरत खाली जातो, सापाने वेटोळं घालावं तसा. वरूनच पाहिली, मला उंचीची भीती.

मग वर. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या माचीपर्यंत सोडत नाहीत, आम्ही तसंही एसटीनेच गेलो. वाटेत सात कमान लागते, नाव सात पण उभ्या सहाच आहेत, एक पडली. रोपवे 1986 पासून आहे, पाचेक मिनिटांत वर. पण एक गोष्ट सगळ्यांना सांगायला हवी, रोपवेने गेलात तरी वर अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्याच असतात, लोकांना वाटतं डायरेक्ट देवीपुढे उतरवतात. आईला मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. ऐकून घेतलं मग.

मंदिर आता ओळखू येत नाही एवढं बदललंय. मी सुरुवातीला यायचे तेव्हा देवळाच्या वर शिखर नव्हतं, सदनशाह पीरांचा दर्गा होता. तो हलवून बाजूला केला, नवं शिखर झालं आणि जून 2022 मध्ये त्यावर ध्वज चढला. खाली मशिदीत मंडपाचं छत आणि वर देवळावर दर्गा, असं हे ठिकाण होतं, एवढं मी बाबांना म्हटलं, त्यावर ते "हं" म्हणाले.

बाबा दर्शनाला थांबलेच नाहीत फार. त्यांना परतताना छासिया तळ्याजवळचं लकुलीशाचं (शिवाचा एक अवतार मानतात) पडकं देऊळ बघायचं होतं, दहाव्या-अकराव्या शतकातलं, गडावरचं सगळ्यात जुनं. आणि हा किल्ला पुढे शिंद्यांकडे होता, पंचमहालच शिंद्यांचा होता, 1853 मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला, हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की जणू सातबारावर यांचंच नाव आहे. रोपवेत शेजारच्या गुजराती काकांनाही ते हिंदीत सांगून झालं. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा."

घरी यायला सात वाजले, हालोलला ट्रॅफिक होताच. आई प्रसादाच्या सुखडीची वाटणी करत बसली, कोणाच्या घरी किती. बाबांनी माझा फोन घेतला आणि जामी मस्जिदीच्या छताचा फोटो बोटांनी मोठा करकरून बघत राहिले, जेवण वाढलं तरी. मी म्हटलं बाबा, ताट निवतंय. तर म्हणाले, "त्या कोपऱ्यातले दोन खांब मी दोनदा धरले होते."